गोल कंस

१२ जानेवारी, रविवार दुपार

प्रिय आत्या,

नमस्कार. मी मजेत आहे. खोली बरी आहे, खिडकीला पडदा नाही म्हणून सकाळी आपोआप जाग येते. खोलीतली दुसरी मुलगी झोपेत बोलते, पण गोड बोलते. तुझा गुडघा कसा आहे? शाळेतून निवृत्त झालीस तरी शिकवणी काही सुटत नाही तुझी. निदान मुलांना खाली बोलाव, जिना चढू नकोस.

वर्ग सुरू झाले. छान चाललंय.

नाही गं, छान चाललेलं नाही. तुझ्याशी खोटं बोलायला गेले की माझं अक्षर बिघडतं, तू लगेच ओळखशील.

सुट्टीभर आपण दोघींनी किती घासलं! यंदाचा अ‍ॅनालिसिस हा गणिताचा पेपर भल्याभल्यांना रडवतो, म्हणून तू पुस्तकातली एकेक सिद्धता माझ्याकडून घोटून घेतलीस. ‘आधी हात चालू दे, डोकं मागून येतं.’ मी कपडे वाळत घालतानाही पुटपुटायचे.

बुधवारी सरांनी फळ्यावर एक विधान लिहिलं: शून्य ते एक या तुकड्यावरचं सलग फल, म्हणजे फंक्शन, अमर्याद वाढू शकत नाही. ‘कोण सिद्ध करतंय?’ माझा हात वर. तू असतीस तर हरखली असतीस. एकदाही न अडखळता अर्धा फळा भरला. मुलं माना खाली घालून उतरवून घेत होती.

‘सुंदर,’ सर म्हणाले. ‘आता एक भागिले क्ष घ्या. शून्य ते एक. क्ष शून्याकडे सरकला की काय होतं?’

‘वाढतं.’

‘कुठपर्यंत?’

मी वळून विधान पुन्हा वाचलं. सरांनी चौकोनी कंसांऐवजी गोल कंस टाकले होते, म्हणजे तुकड्याची दोन्ही टोकं वगळली होती. मी ते पाहिलं होतं! पाहून सोडून दिलं होतं. विधान साफ खोटं होतं आणि मी ते सुवाच्य अक्षरात सिद्ध करून दाखवलं होतं.

वर्ग हसला. हसू देत. पण मग सरांनी विचारलं, ‘यातली कोणती ओळ चुकली?’ आणि मला सांगता येईना. माझ्याच हातच्या ओळी, सगळ्या सारख्याच खऱ्या वाटत होत्या. मी हादरले, आत्या. अजून हादरलेलीच आहे. जागेवर येऊन बसले तरी खडू मुठीतच होता.

तास संपल्यावर सर म्हणाले, सोपा वर्ग हवा असेल तर येत्या शुक्रवारपर्यंत बदलून घेता येईल. चांगल्या मनानेच म्हणाले.

काल दिवसभर ग्रंथालयात ती एकच सिद्धता घेऊन बसले. प्रत्येक ओळीला विचारत होते, बाई, तुला टोकं कशाला हवीत? शेवटी सापडली. एका ओळीत आपण म्हणतो, हे बिंदू एका जागी जमत जातात. ती जागा टोकावरच असली आणि टोकच काढून टाकलेलं असलं, तर तिथे फलच नाही! मी एवढ्या मोठ्याने ‘अगं बाई!’ म्हणाले की ग्रंथपाल उठून आले. मग मला रडूच फुटलं. इतकी वर्षं पैकीच्या पैकी मिळवले, पण काही कळलं ते काल पहिल्यांदा.

मी वर्ग बदलणार नाही. नापास झाले तर होऊ दे. पुढच्या सिद्धता घोटून घ्यायला इकडे यायचं म्हणत होतीस ना, ते नको. नुसती ये.

आता जे कालपासून टाळतेय ते. लहानपणी मी ‘का?’ विचारलं की तू म्हणायचीस, ‘आधी पाठ कर, मग सांगते.’ मग ते सांगायचं राहूनच जायचं. मला वाटायचं, तुला वेळ नाही.

आत्या, टोकं का लागतात ते तुला माहीत होतं ना?

रागावू नकोस. नसेल माहीत, तर तसं सरळ लिही. मला धास्ती त्याचीच आहे, तरी लिही.

तुझ्या उत्तराला पहिल्यांदाच घाबरलेली,
तुझीच
टिल्ली