गुरुवारची अदलाबदल

एरंडोल,
सोमवार

प्रिय मोना,

येत्या गुरुवारी इथल्या कोर्टात मध्यस्थीची बैठक आहे, हे पक्कं झालं. सकाळी मोहिनीताईंनी स्वतः फोन करून सांगितलं. मोहिनीताई म्हणजे मला मोफत मिळालेल्या वकील. नवीनला नोटीस मिळाली असेलच. पण त्याच्या स्वतःच्या मनात काय आहे, हे कळायला मला मार्ग नाही. तुझा फोन अजून इथंच, ललितभाऊच्या कपाटात आहे. नवीनला लावला तर आधी तुझी आई बोलते. म्हणून हे पत्र झुलालमामांच्या हातून पाठवतेय. ते धुळ्याच्या गाडीवर कंडक्टर आहेत तोवर आपल्याला टपालाची गरज नाही. लग्न जुळवताना निरोप त्यांनीच नेले होते, आता हाही नेतील.

तुला कोणत्या नात्यानं लिहावं हेच आधी कळेना. माझ्या भावाची, ललितभाऊची बायको म्हणून तू माझी वहिनी, माझ्या नवऱ्याची, नवीनची बहीण म्हणून नणंद. एका मांडवात दोन्ही लग्नं लागली तेव्हा सगळे म्हणाले, साटं झकास जमलं, दोन्ही पोरी आपल्याच घरात राहिल्या. आता तू माझ्या खोलीत झोपतेस आणि मी तुझ्या. तुझी उशी फार कडक आहे गं. माझ्या खिडकीतला मोगरा जगलाय का? त्याला सकाळीच पाणी घाल, उन्हात घातलं तर तो सुकतो.

तू धुळ्याला निघून आलीस त्याच आठवड्यात माझे आबा मला न्यायला आले. पाणीसुद्धा घेतलं नाही. उंबऱ्यातच म्हणाले, "त्या मोनालीले धाडतीन तवय मनी शीतल येई." माझं आणि नवीनचं काहीच बिनसलं नव्हतं. आदल्या दिवशी आम्ही दोघांनी मिळून कूलरचा वाळा बदलला होता. तो नुसता दारात उभा राहिला. माझी पिशवी मात्र त्यानंच गाडीपर्यंत आणून दिली. त्याला मला थांबवायचं होतं की लवकर वाटेला लावायचं होतं, हे मला अजून उलगडलेलं नाही.

इथं आल्यावर कुणाकडे जायचं तेच समजेना. पोलीस ठाण्यात विचारलं, तर ते म्हणाले, बाई, तुम्हाला कुणी मारलं का? नाही. कुणी कोंडलंय का? तसंही नाही. मग घरच्या घरात बघा. नगरसेवक आबांचेच मित्र. शेवटी अंगणवाडीच्या बेबाबाई म्हणाल्या, कोर्टाच्या आवारात जा, तिथं विधी सेवा समितीचं ऑफिस आहे. बाईला वकील फुकट मिळतो, मिळकत किती तेही विचारत नाहीत. मला वाटलं फुकट म्हणजे कुणीतरी शिकाऊ असेल. पण मोहिनीताईंनी माझं सगळं नीट ऐकून घेतलं. गोंधळल्या मात्र त्याही. नवरा नांदवत नाही का? नांदवतो की. सासूचा जाच? फारसा नाही. मग अडचण काय? म्हटलं, माझी नणंद माहेरी आलीय. म्हणजे कुठं? माझ्या सासरी. आणि तुम्हाला जाऊ कोण देत नाही? माझे आबा. त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि म्हणाल्या, आता हे सगळं परत एकदा सावकाश सांगा.

दुसऱ्यांदा ऐकल्यावर त्या म्हणाल्या की कायद्याला साटंलोटं माहीतच नाही. त्याच्या लेखी ही दोन वेगळी लग्नं. एकीनं नांदावं म्हणून दुसरीला पाठवायचं, असं कुठलंच कलम नाही. मला तर जायला हुकूमसुद्धा लागत नाही म्हणे, एस.टी.त बसले की झालं. मी म्हटलं, ताई, एस.टी.त बसेन, पण दार कोण उघडेल? त्यावर त्यांनी हा मध्यस्थीचा मार्ग काढला. घरी येताना मला हलकंही वाटत होतं आणि फसल्यासारखंही. एवढं सोपं होतं, तर आपण सगळे इतके महिने काय करत होतो?

आणखी एक विचारायचं आहे. विचारावं की नाही, हेच कळत नव्हतं. इथल्या धान्याच्या कोठीच्या खोलीला आतून कडी आहे. नवीच आहे, स्क्रू अजून चमकतात. मी आईला म्हटलं, कोठीला आतून कडी कुणी लावतं का? ज्वारी कुणाला घाबरते? आई भाकरी थापत होती, अर्धवट थापलेलीच तिनं तव्यावर टाकली. मग म्हणाली, "काय विचारस माय, गुपचाप जेव." परवा ललितभाऊ ओरडत घरात शिरला. मी त्याची सख्खी बहीण, तरी माझे पाय आपोआप त्या कोठीकडे वळले. मग मी पुढं काही विचारलं नाही.

आता गुरुवारचं. मी अर्ज दिला तो फक्त माझ्या आणि नवीनच्या बोलण्यासाठी. पण नोटिशीचं कळल्याबरोबर आबांनी तुझ्या वडिलांना फोन लावला. आखाजीचा सण होऊन गेला, पोरी आखाजीपुरत्या माहेरी शोभतात, त्यानंतर नाही, असं दोघांचंही एकमत झालं. "बठ्ठं एकच दिनमा मिटाडी टाकूत," असं आबा हसून म्हणत होते. तुझ्या घरचे तुला गाडीत घालून इथं आणणार, इथंच ठेवणार आणि त्याच गाडीतून मला नेणार. आणि तू झुलालमामांजवळ निरोप ठेवलास, की शीतलचं घर मोडायला नको, मी येते. 

म्हणून हे पत्र लिहितेय. मोना, तू येऊ नकोस. नोटीस नवीनच्या नावाची आहे, तुझ्या नाही. मी मोहिनीताईंकडून त्याची पुन्हा खात्री करून घेतली. माझं घर तुला परत पाठवून उभं राहत असेल, तर त्या घरात मी काय म्हणून राहू? गुरुवारी सकाळी गाडीत बसू नकोस. पोट दुखतं म्हण, काहीही म्हण. सगळे इकडे निघाले की घर रिकामं असेल. तेव्हा धुळ्याच्या जिल्हा कोर्टात जा. तिथंही असंच ऑफिस आहे, तुलाही वकील मोफत मिळेल. नाहीच सापडलं तर १५१०० वर फोन कर, शेजारच्या कुणाच्याही फोनवरून. आणि कोठीला आतून कडी का लावावी लागली, ते सांग. तुझ्या तोंडून सांग, मी तुझ्या वतीनं कुठंही बोललेले नाही. इथं मी नवीनला सगळ्यांसमोर एवढंच विचारणार आहे, की मोना तिथंच राहणार आहे, तर तू मला नेतोस का? तो काय म्हणेल ते मला खरंच माहीत नाही. हो म्हणाला, तर गुरुवारी दिवेलागणीला आम्ही पोहोचू आणि दार तू उघडशील. नाही म्हणाला, तर शुक्रवारच्या पहिल्या गाडीनं मी एकटी येईन, तेव्हाही दार तूच उघड.

तुझ्या कडक उशीवर झोपणारी, पण तुझीच,
शीतल