चौऱ्याऐंशी पानांचा लोगो

कंग्राळी,
रविवार दुपार

ती. नेमिनाथअण्णांना भरमूचा जय जिनेंद्र, आणि चंदनावहिनींना आम्हा सगळ्यांचा नमस्कार.

तुमचा गुडघा कसा आहे ते आधी कळवा. मागं निपाणीच्या स्टँडवर तुम्हाला कोल्हापूरच्या गाडीत चढताना बघितलं, तेव्हा कंडक्टरनं दोनदा शिट्टी मारली आणि शेवटी खाली उतरून तुम्हाला हात दिला. नुसतं तेल चोळून भागायचं नाही, दवाखान्यात जाऊन या. वहिनींचा खोकला थांबला असेल. आमच्याकडं सगळं ठीक आहे असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहितो. ठीक काही नाही.

तुम्ही माझ्यावर रागावलाय असं तुमचा पुतण्या गुंडू याच्याकडून कळलं. आमच्या रूपालीच्या कार्यक्रमाच्या फलकावर शुभेच्छुकांत तुमचा फोटो नव्हता, हे तुम्हाला लागलं. लागणारच. आपण दोघांनी उद्यमबागेतल्या कारखान्यात एका बाकावर पाच वर्षं ओतकामाचे लाकडी पॅटर्न घासलेत, पोरीच्या बारशाला पाळण्याची दोरी तुमच्या हातात होती. पण अण्णा, त्या फलकावर माझाही फोटो नव्हता. खुद्द रूपालीचा नव्हता. कुणाचा होता ते सांगतो, पण त्यासाठी तुम्हाला सगळी रामकहाणी ऐकावी लागेल, आणि मधेच डुलकी काढायची नाही.

रूपालीनं गेल्या वर्षी ऑफिसातली कॉम्प्युटरची नोकरी सोडून बिडाचे तवे आणि अप्पेपात्रं करायचा धंदा काढला. गावाच्या कडेला पत्र्याची शेड घेतली, ओतकाम बाहेरून करून आणते, घासणं आणि तेल लावून तापवणं शेडमध्ये. तिच्या आईनं, शालूनं, तिला बरोबर एक वर्ष दिलं होतं. वर्षात शंभर नगांची एकगठ्ठा मागणी आली तर धंदा चालू, नाही तर गप जुन्या ऑफिसात जाऊन बसायचं. (कोर्टात तारीख वाढवून मिळते, शालूकडं मिळत नाही.) ते वर्ष गेल्या महिनाअखेर संपत होतं, आणि एकगठ्ठा म्हणावी अशी मागणी काय, तर एका लग्नातल्या रुखवताचे अकरा तवे.

अशात एक मोहीम आली. चाळीस देशांत चालते म्हणे. तरुणांनी नोकऱ्या शोधू नयेत, उद्योग काढावेत, म्हणून हे लोक आठवडाभर त्यांना प्रोत्साहन देतात. (तरुण म्हणजे पस्तिशीच्या आतला. त्यापुढच्यांना प्रोत्साहन द्यायचं नाही, पान तीन.) गावोगावच्या पोरांनी मोहिमेच्या नावानं प्रदर्शन भरवायचं, आणि ज्यांचं सगळं नियमात बसेल त्यांना बेंगळूरला मोठ्या खरेदीदारांपुढं जागा मिळणार. रूपालीनं नाव घातलं. तिची सगळी आशा त्या बेंगळूरवर होती. मलाही वाटलं, चला, देव पावला. देव पावला नव्हता, नियमावली पावली होती. चौऱ्याऐंशी पानं! आपल्या कारखान्यात एवढी मोठी जर्मन मशीन आली तेव्हा तिच्याबरोबरचं पुस्तकसुद्धा साठ पानांचं होतं, आणि त्यातली वीस पानं कुणी हात कुठं घालू नये याची होती. हे चौऱ्याऐंशी पानी पुस्तक नुसत्या लोगोचं. लोगो म्हणजे तीन पायऱ्या आणि वर एक ठिपका. आमच्या अंगणवाडीतली पोरं रोज काढतात.

मोहिमेचं नाव मी इथं लिहीत नाही, कारण पान नऊप्रमाणं ते भाषांतर करून, आखडून किंवा दुसऱ्या लिपीत लिहायचं नाही. आता आपल्याकडं फलकावर निम्म्याहून जास्त कन्नड पाहिजे हा सरकारचा नियम. मग फ्लेक्सवाल्या मष्णूनं करायचं काय? त्यानं नाव इंग्रजीत बारीक टाकलं आणि बाकी मजकूर कन्नडमध्ये भरला, तर लोगोभोवती मोकळी जागा राहिना. मोकळी जागा हे त्या लोकांचं लई मोठं प्रकरण आहे. लोगोच्या चारी बाजूंना ठिपक्याएवढी जागा रिकामी पाहिजे, तिथं अक्षर नको, चित्र नको, काही नको. मष्णू म्हणाला, "भरमूदा, फुटाच्या हिशोबानं छापतोय मी. रिकामं छापून कुणाला सांगू?" शिवाय पान चाळीसवर लोगो कसा वापरू नये याचे आठ नमुने होते, प्रत्येकावर लाल फुली. मष्णूला त्यातला सावलीचा नमुना लई आवडला. लाल फुलीसकट छापला. ती त्याला डिझाइनचाच भाग वाटली.

आणि फोटो. शाळेचा हॉल आणि दोनशे खुर्च्या आमचे गावपुढारी ज्योतिबाआप्पांनी मिळवून दिलेल्या. ते फोटोवाल्याकडं जाऊन फेटा बांधून फोटो काढून आले होते. इकडं पान एकतीसनुसार फलकावर फक्त मोहिमेनं पाठवलेला फोटो लावायचा. तो कुणाचा, तर एका दुकानात कॉफी पीत लॅपटॉपकडं बघून हसणाऱ्या पोरीचा. आप्पा फलकापुढं दहा मिनिटं उभे राहिले. मग मला म्हणाले, "ही कुणाची रं? आपल्यातली न्हाय वाटत." मी सांगितलं, परदेशातली आहे. ते म्हणाले, "मग हिला सांग खुर्च्या आणायला." तुमच्या रागाचं मला तेव्हाच कळून चुकलं होतं, पण सांगू कुणाला?

आता माझ्या पापाकडं येतो. पाहुण्यांना नारळ-शाल देण्याऐवजी लोखंडात ओतलेला लोगो द्यायचा, ही रूपालीची कल्पना. उद्यमबागेची ओळख म्हणून. आपला साहेब पण चांगला, म्हणाला कारखान्यातच ओता. रूपालीनं मला नियमावलीतलं एक पान छापून दिलं, पान बारा, आणि म्हणाली, "बाबा, हे असंच्या असं पाहिजे. जरासुद्धा इकडं तिकडं नको." मला, एकोणतीस वर्षं पॅटर्न करणाऱ्याला, हे सांगावं लागतं? त्या पानावर तीन पायऱ्या, वर ठिपका आणि सगळ्याभोवती तुटक रेघेची चौकट. अण्णा, तुम्ही कारखाना सोडून तंबाखूच्या वखारीत बसून बाकी सगळं विसरला असाल, पण एवढं विसरला नसाल. ड्रॉइंगमध्ये तुटक रेघ म्हणजे काय? मागची कड. पुढून न दिसणारी, पण असलेली. मी आणि तुम्ही सोडा, आयटीआयच्या पहिल्या वर्षाचं पोरसुद्धा हेच सांगेल. मग मी लोगोमागं चौकट केली, चांगली बोटभर जाड. लोखंड गार होताना आकसतं म्हणून लाकडात जरा मोठं धरलं. वाळूतून पॅटर्न सुखासुखी निघावा म्हणून कडा थोड्या उतरत्या केल्या. चार कोपऱ्यांवर पानात चार फुल्या दाखवल्या होत्या, त्यांचे मी चार पाय केले. चाळीस नग ओतले, एकालाही भोक नाही की तडा नाही. असं काम मी कित्येक वर्षांत केलं नव्हतं, आणि हे मी स्वतःच्या तोंडानं सांगतोय, कारण दुसरं कुणी सांगणार नाही.

ती तुटक रेघ म्हणजे मोकळी जागा होती. जिथं काही नको असं दाखवायला त्यांनी रेघ काढली होती. आता मला सांगा, जिथं काही नको, तिथं रेघ कशाला काढायची?

मंजुरीसाठी फोटो पाठवायचे होते. पहिल्या नगाला आपल्या रीतीप्रमाणं हळदकुंकू लावून नारळ फोडलेला, रूपालीनं घाईत त्याचाच फोटो पाठवला. दुसऱ्या दिवशी दुपारी तिकडच्या बाईंचा व्हिडिओ कॉल आला. बाई वाईट नव्हत्या हो. प्रत्येक वाक्याची सुरुवात "मला फारच आवडलं" अशी, आणि पुढं "पण". आवडलं, पण ठिपका एकाच रंगाचा हवा, हा लाल-पिवळा कुठल्या पानावरून घेतला? आवडलं, पण केशरी रंग हा नव्हे. (आमच्याकडं लोखंडाला लावायचा लाल ऑक्साइड असतो आणि मशीनचा हिरवा असतो. त्यांच्या केशरीला सहा आकडी नंबर आहे. रंगाच्या दुकानात तो नंबर सांगितला तर त्यानं विचारलं, कुठल्या मशीनचा पार्ट?) आवडलं, पण ही चौकट काय आहे? मी पुढं होऊन तुटक रेघेचा नियम समजावून सांगितला, अर्धा मराठीत, अर्धा कन्नडात, रूपाली इंग्रजी करत होती. बाईंनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं, मला धन्यवाद दिले आणि तिसऱ्या दिवशी पत्र पाठवलं. मोहिमेचं नाव वापरायची परवानगी रद्द. बेंगळूरही रद्द.

रूपालीनं चाळीसही लोगो गोणपाटात घातले आणि शेडच्या कोपऱ्यात टाकले. मला लई वाईट वाटलं, अण्णा. आयुष्यात एकदा पोरीनं माझ्याकडं काम मागितलं, ते मी जीव ओतून केलं, आणि त्यानंच तिचं वर्ष बुडालं. दोन दिवस जेवण गेलं नाही. शालूनं विचारलं तर पोट बिघडलंय म्हणालो.

कार्यक्रम मात्र झाला. हॉल मिळाला होता, खुर्च्या आल्या होत्या, ज्योतिबाआप्पांनी फेटा बांधला होता. फलकावरचं सगळं काढायला लागलं म्हणून मष्णूनं नुसतं पांढरं कापड लावलं. ते बघायलाच निम्मं गाव आलं. रूपालीनं आपले तवे मांडले, दारात चूल पेटवून गरम अप्पे करून द्यायला लागली. हायवेला निपाणीच्या अलीकडं खानावळ चालवणाऱ्या अक्काताई तुमच्या ओळखीच्या असतील, मोठ्या आवाजाच्या. त्या बहिणीकडं आल्या होत्या, म्हणून डोकावल्या. गरम अप्पेपात्र टेबलावर टेकवायचं तर खाली घालायला काही नव्हतं, तर त्यांनी सरळ शेडवरून तव्यांबरोबर चुकून आलेल्या त्या गोणपाटातून एक लोगो उपसला आणि त्यावर पात्र ठेवलं. चार पाय, जाड चौकट, उतरत्या कडा. पात्र डुगडुगलं नाही. "ही आडणी झ्याक हाय की गं," त्या म्हणाल्या, "हिला मधी ह्या पायऱ्या कशाला केल्यात? त्या काढ, आणि पात्र नि आडणी अशा साठ जोड्या दे. प्रत्येक टेबलावर गरम ठेवून वाढते." रूपाली माझ्याकडं बघत राहिली. मी खाली बघत राहिलो. तिनं ऑर्डर लिहून घेतली तेव्हा महिना संपायला चार दिवस उरले होते.

साठ जोड्या म्हणजे नग एकशेवीस. शालूनं स्वतः मोजले. मग देवापुढं साखर ठेवली आणि म्हणाली, घरात एक पक्की नोकरी आहे तोवर पोरीनं करू दे काय करायचं ते. तर अण्णा, असा प्रकार आहे. तुमचा फोटो मी मुद्दाम वगळला नाही, हे एवढं ध्यानात घ्या आणि राग सोडा. थोरांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद, आणि गुडघ्याचं विसरू नका.

तुमचा,
भरमू

ता. क. – रूपालीनं आता स्वतःच्या मालाची नियमावली काढली आहे. सहा पानं. मी आधी हातसुद्धा लावणार नव्हतो. शेवटच्या पानावर लिहिलंय की प्रत्येक नगाच्या मागच्या बाजूला पॅटर्न करणाऱ्याची खूण म्हणून "भ" हे अक्षर असलंच पाहिजे, ते कुणी काढू नये, झाकू नये. एकोणतीस वर्षं माझ्या हातचे नग पंपांत गेले, ट्रॅक्टरांत गेले, कुठं कुठं गेले, मला ठाऊकसुद्धा नाही. ते पान मी तीनदा वाचलं.

आणखी एक – मी कारखान्याचा राजीनामा दिलाय. आज अकरा दिवस झाले. रोज आठला नेहमीसारखा डबा घेऊन निघतो, मोटारसायकल उद्यमबागेच्या रस्त्याला घेतो आणि मारुतीच्या देवळामागून वळून शेडवर जातो. आमची मालकीण कडक आहे, पाच मिनिटं उशीर चालत नाही. निवृत्तीला चार वर्षं होती, ती काढायला हवी होती, हे तुम्ही म्हणायच्या आधी मीच म्हणून घेतो.

शेवटचं, आणि पत्र खरं यासाठीच – येत्या रविवारी वहिनींना घेऊन कंग्राळीला जेवायला या, आणि जेवण झाल्यावर हे राजीनाम्याचं शालूला तुम्ही सांगा. तुमचं ती ऐकून घेते, माझं ऐकून घेईल असं वाटत नाही. तुम्ही बोलत असताना मी शेडवर असेन, काम पुष्कळ आहे.