पिवळ्या ओळी

प्रिय सूरज,

तुझा मेसेज जुन्नरच्या दवाखान्यात वाचला. सायरनच्या कोडचा प्रोग्राम बिल्ड करताना स्क्रीनभर येणाऱ्या त्या पिवळ्या वॉर्निंग्ज कायमच्या बंद कर म्हणे, डोकं उठलंय, सोमवारी पिंपळवंडीला बिबट्या आला की वाजणारे सायरन बसवायचेत! फोन भिंतीवर आपटावासा वाटला. कबूल, त्यातल्या बऱ्याच ओळी फुकटची कटकट असतात. आमचा मोत्या कुत्राही तसाच होता, पाचोळा हलला तरी गाव डोक्यावर घ्यायचा.

आपण सायरनचं चाचणीचं मशीन डिंगोऱ्यात मच्छिंद्रकाकांच्या मेंढ्यांपाशी खांबावर लावलं आणि काका निर्धास्त झाले. "आता मशीन हाय, ह्येची कटकट कशाला?" म्हणत त्यांनी वासराची मुसकी मोत्याच्या तोंडाला बांधली. परवा दिवस मावळताना बिबट्या उसातून आला. त्याने आधी मोत्याचा गळा फाडला, बिचाऱ्याला उलटून चावताही आलं नाही. मग मेंढ्यांभोवतीच्या वाघरीच्या जाळीवरून आत उडी घेऊन दिसेल ती मेंढी फोडत सुटला. बानूकाकू कुऱ्हाड घेऊन धावली. त्याने तिला लोळवलं, डोक्याची कातडी ओरबाडून काढली. पडल्या पडल्या तिने त्याच्या जबड्यावर घाव घातला, तेव्हा कुठे तो पळाला. सायरन शेवटपर्यंत वाजला नाही.

काकूचा एक डोळा गेला. ती अजून शुद्धीवर नाही. काका अन्नाला शिवत नाहीत. काल "म्याच त्येचं तोंड बांधलं, म्याच हिला मारलं" म्हणत त्यांनी दवाखान्याच्या भिंतीवर कपाळ फोडून घेतलं. दोघांनी धरून आवरावं लागलं.

मी इथे बाकावर बसून सगळा कोड पुन्हा बिल्ड केला, एकही वॉर्निंग न लपवता. बहुतेक कचराच निघाला. एक ओळ मात्र सांगत होती, मशीन जनावराचं जे अंतर मीटरमध्ये मोजतं त्याचा अपूर्णांक कापला जातोय. म्हणजे जनावर मीटरभराच्या आत आलं की अंतर शून्य, आणि शून्य म्हणजे आपल्या मशीनच्या लेखी समोर कोणीच नाही. मशीनचं तोंड उसाकडे, आणि ऊस तर खांबाला खेटूनच आहे.

ती ओळ आपल्याला कधी दिसलीच नाही, कारण त्या फाइलपुरत्या वॉर्निंग्ज आधीच बंद केलेल्या होत्या. नोंद चाचणीच्या आदल्या दिवशीची आहे, तुझ्या नावाने. सूरज, मला तुझा भयंकर राग आलाय. आता एक जरी वॉर्निंग आली तरी बिल्ड अडेल असं मी करून ठेवलंय, सोमवारी कुठेही काही बसणार नाही. पण पत्र त्यासाठी नाही. काका जिवाचं बरंवाईट करतील. सायरन का वाजला नाही ते मी सांगून पाहिलं, पण त्यांना वाटतं, पोरगी समजूत घालतेय. तू ये आणि तुझ्या तोंडाने त्यांना सांग.

तुझीच, अजून तरी,
हिरा