माँचा घोळणा

हस्तीमल,

माँचा घोळणा पुन्हा फुटला. नंदुरबारहून आलेल्या डॉक्टरांनी नाकात कापडाचा बोळा ठासलाय, तो ओढू नकोस. आधी नाकात सोडलेल्या दूर्वांच्या रसाचा जाच नव्हता, पण रक्त काही थांबेना. बोळ्यानं थांबलं, तर आता तोंडानं श्वास घेऊन घेऊन तिचा घसा सुकतोय. सुरतेला फुटलेली शीरच डागतात म्हणे, पण गाडीचे हिसके तिला सोसायचे नाहीत. तरी विचारायला मी चाललोय. इथं बसून बघवत नाही.

दिवस मावळायच्या आत तिला पोटभर पाणी पाज. नंतर ती थेंबही घेणार नाही, तिचा नेम तुला ठाऊक आहे. रात्री तळमळली तरी तांब्या पुढे करू नकोस. काल मी केला, तर तिनं मलाच हात जोडले.

प्रेमचंद