कर्णाचा वर्ग आणि परतूरचं स्थळ

३ नोव्हेंबर
तुळशीची लग्नं लागली आणि शिवशंकरमामांनी माझ्यासाठी परतूरचं स्थळ आणलं. मुलगी अंजू. बी.एस्सी. गणित, घरीच क्लास घेते. फोटो पाहिला. माझा होकार (मनात).
अडचण एकच. माझं दहावीचं गणित दोनदा राहिलं आहे. मामा म्हणाले, घाबरू नको गोरख, मी सांगून टाकलं, पोरगा गणितात रिसर्च करून राह्यला.
रविवारी १६ तारखेला जायचं आहे. मामांना खोटं पडू द्यायचं नाही. रिसर्च करायचाच.

४ नोव्हेंबर
विषय ठरला : पायथागोरसचं प्रमेय. कर्णाचा वर्ग म्हणजे इतर दोन बाजूंच्या वर्गांची बेरीज. धाकटी बहीण प्रांजली यंदा दहावीला आहे. तिच्या पुस्तकातली सिद्धता मला समजली नाही. म्हणजे नव्या, सोप्या सिद्धतेची समाजाला गरज आहे.
संकल्प : रोज पहाटे पाचला उठून संशोधन.

५ नोव्हेंबर, सकाळी ९
थंडी होती. उद्यापासून नक्की.

७ नोव्हेंबर
मी कामाला आहे त्या झेरॉक्सच्या दुकानाचं टोनर आणायला जालन्याला गेलो. तिथल्या मस्तगड भागात नवी कंपासपेटी घेतली. दुकानदार म्हणाला, मुलगा कितवीला आहे? संशोधकाला अपमान गिळावे लागतात.

८ नोव्हेंबर
काटकोन त्रिकोण काढला. बाजू ३ आणि ४. कर्ण मोजला, ५. नऊ आणि सोळा पंचवीस. सिद्ध! पहिल्याच प्रयत्नात!

९ नोव्हेंबर
बाजू ५ आणि ७. कर्ण ८.५ आला. वर्ग ७२.२५. पाहिजे ७४. पट्टी खराब. प्रांजलीची पट्टी आणली. ८.७. तिचीही खराब.
प्रांजली म्हणाली, दादा, मोजून सिद्ध होत न्हाई रे, कारण द्यावं लागतं. दहावीच्या पोरींना आजकाल फार कळतं.

११ नोव्हेंबर
शोध लागला! म्हणून अक्षर मुद्दाम नीट काढतो आहे.
कर्ण मोजायचाच कशाला? पट्टी चुकते, डोळा चुकतो. कर्ण सूत्रानेच काढायचा. २५ आणि ४९, बेरीज ७४. त्याचं वर्गमूळ म्हणजे कर्ण. आता ताळा : कर्णाचा वर्ग केला. ७४! बिलकुल बराबर.

१२ नोव्हेंबर
दुकानात बसून चाळीस त्रिकोण तपासले. एकही चुकला नाही. दुकानाचे मालक काकासाहेब म्हणाले, गिर्‍हाईक कवाचं आधार कार्ड धरून उभं आहे, त्रिकोण घरी काढत जा. कदर नाही.

१५ नोव्हेंबर
सिद्धता सुवाच्य अक्षरात उतरवली. शुद्धलेखन दोनदा तपासलं. लॅमिनेशन केलं. माझे वडील बापू म्हणाले, पोरगी पाहायला चालला का पेपर द्यायला?

१६ नोव्हेंबर, संध्याकाळ
पोहे, चहा. मग मी लॅमिनेशन पुढे केलं. अंजूने शेवटपर्यंत वाचलं. म्हणाली, अक्षर सुंदर आहे. मग विचारलं, कर्ण कसा काढला?
म्हणालो, सूत्राने.
कोणत्या?
मी ताठ बसून म्हणालो, पायथागोरसच्या.
तिच्या आईला, उषाबाईंना, चहाचा ठसका लागला. अंजू म्हणाली, म्हणजे जे सिद्ध करायचं तेच आधी खरं धरलं? मी म्हणालो, हो, म्हणून तर एकदाही चुकत नाही.
ती पदर तोंडाला लावून आत गेली. मामा म्हणाले, पाहा, लाजली.

१९ नोव्हेंबर
निरोप नाही. मोठी सिद्धता तपासायला वेळ लागतोच.

२२ नोव्हेंबर
मामांचा फोन. नकार आहे, पण सरळ नाही. मामा म्हणाले, पोरगी म्हणते लग्नाचं जमत न्हाई, पण मुलगा मेहनती आहे, माझ्या क्लासला पाठवा, औंदा गणित सुटंल.
म्हणजे रोज भेट. नकार देणारी मुलगी रोज भेटायला बोलावते का? होकारच हा, फक्त उलट्या बाजूने काढलेला.

१ डिसेंबर
इस्त्रीचा शर्ट, अत्तर. दहावीच्या बॅचला पहिल्या बाकावर बसलो. अंजूने (आता मॅडम म्हणावं लागतं) फळ्यावर अपूर्णांकांची बेरीज दिली. मी सोडवली. त्यांनी वही पाहिली, बराच वेळ पाहिली. म्हणाल्या, गोरखभाऊ, तुम्ही उद्यापासून सहावीच्या बॅचला बसा.
सहावीचं ठीक आहे, पाया पक्का होईल. पण भाऊ? सगळ्याच मुलांना तसं म्हणत असतील. उद्या नीट ऐकायचं.

२ डिसेंबर
सहावीच्या पोरांना नुसतं नावाने हाक मारतात.