पाळण्यातला करडा रंग

भीमपूर,
श्रावणातला पहिला रविवार

प्रिय रंजीता,

आधी काय आलं ते लिहिते. पुठ्ठ्याची लांब नळी एक. आत तुझा छापलेला कागद एक, बाबांच्या बीपीच्या गोळ्यांच्या पट्ट्या चार, बिस्किटांचा पुडा एक. निम्मी बिस्किटं चुरा झाली होती, ती मी दुधात घालून संपवली. नळीवर टपालाचे एकशे बारा रुपये लिहिलेत. गोळ्या आदिलाबादला मिळतात, पुढच्या वेळी पाठवू नको. सोबत तुझी चिठ्ठी एका ओळीची, "आई, ही माझी जिवती, तुझ्यासाठी." एवढ्यावरून मी काय समजायचं? मला समजलं तसं मी केलं, आणि माझ्या हातून त्या कागदावरचं एक काहीतरी पुसलं गेलं. काय पुसलं, या विचाराने दोन दिवस झाले जेवण जात नाही.

दरवर्षी श्रावण लागायच्या आधी आपण बाजारातून जिवतीचा कागद आणून देवाजवळ चिकटवतो. वर नरसिंह, मधे कालियावरचा कृष्ण, खाली मांडीवर-खांद्यावर लेकरं घेतलेली जिवती, बाजूला पाळणा, आणि तळाशी हत्तीवर बुध, वाघावर बृहस्पती. तुझ्या कागदातही सगळे जागच्या जागी आहेत, काळ्या रेघांचे, लाकडाच्या ठशातून आलेले. पण लेकरांची तोंडं फोटोतली! दोन रिबिनी बांधलेली तू, जावळ काढलेला पंकज. बृहस्पतीला वाघ नाही, बाबांची जुनी स्कूटर दिलीस. ते पाहून बाबा दुकान सोडून आत आले आणि "माही स्कूटर देवाले देली पोरीनं!" म्हणत अर्धा तास हसत होते. पंकज म्हणाला, "आमी फ्लेक्सच्या दुकानात लीडर लोकायचे तोंडं छापतो, ताईनं आमचे छापले." खाली पेन्सिलीने ३/७ लिहिलंय. मी तीन जुलै समजले. पंकजने सांगितलं की सात छापलेत, त्यातला हा तिसरा. मग बाकीच्या सहा जिवत्या कोणाच्या घरी आहेत? तिथे माझ्या लेकरांना कोण ओवाळतं? का नुसत्या काचेत लावून ठेवतात?

मला तुझं काम कधी पुरतं कळलं नाही, हे खरं आहे. आठवीत तू पोळपाट उलटा करून मागे मोर कोरलास. समईची काजळी तेलात कालवून तो वहीच्या पानावर छापलास. मी लाटण्याने मारलं, आणि तू रडता रडता म्हणालीस, "आई, कोरताना इकडं पाहत होता, छापल्यावर तिकडं पाहून राह्यला." मारल्याचं तुला काहीच नव्हतं, मोराचंच होतं. गेल्या साली हैदराबादला आले तेव्हा तू करून दाखवलंस. आधी त्या यंत्रातून रंगीत फोटो कागदावर उतरतो. मग कोरलेल्या फळीला रुळाने शाई लावून त्यावर तो कागद पालथा घालतेस आणि माझ्याच लाकडी पळीने मागून घासतेस. ती पळी मी दोन महिने शोधत होते! यंत्र सगळं छापतं तर लाकूड कशाला, असं मी विचारलं. तू म्हणालीस, यंत्राचा रंग वरवर बसतो, लाकडाची रेघ कागदात दबून बसते. आणि माझं बोट धरून कागदाच्या मागून फिरवलंस. रेघा खरंच हाताला लागत होत्या.

तर आता शुक्रवारचं सांगते. हा देव आहे का चित्र, असं मी बाबांना विचारलं. ते म्हणाले फ्रेम करू. पण तू स्वतः जिवती म्हटलंस, आणि जिवतीला श्रावणात फ्रेममध्ये कसं कोंडायचं? मी कणकेची खळ करून ती देवाजवळ चिकटवली. आघाडा-दुर्वांची माळ घातली, कापसाचं वस्त्र वाहिलं. कागदातल्या प्रत्येक लेकराला ओल्या हळदीचं बोट लावायचं, ही माझ्या सासूबाईंची रीत, तू पाहिलीच आहेस. बाजारच्या कागदाचा रंग कधी सुटला नाही, म्हणून मनात शंकाही आली नाही. तुझ्या फ्रॉकचा लाल रंग ओघळून पंकजच्या गुडघ्यावर गेला. तरी काळ्या रेघा होत्या तशाच राहिल्या, त्यामुळे तुम्ही दोघं ओळखू येता. पाळण्यात मात्र काहीतरी करडं होतं. धुक्यासारखं, मला ती गुंडाळलेली दुपटी वाटली. त्यालाही बोट लावलं. रंग पसरला म्हणून घाईघाईने पदराने टिपायला गेले, तर सगळंच निघून आलं. पाळण्याच्या दोऱ्या राहिल्या, आत पांढरा कागद. नंतर बोट फिरवून पाहिलं, तर पाळण्याच्या आत लाकडाची एकही रेघ लागली नाही. तिथे तू कोरलंच नव्हतंस. सगळ्या कागदात तेवढीच एक जागा नुसत्या यंत्राची होती.

पंकज चिडला. "आई, वरून लॅमिनेशन नाही, पाणी काऊन लावलं?" असं म्हणत त्याने कागद सोडवून पंख्याखाली वाळवला. करड्या रंगाचं काय होतं ते त्यालाही माहीत नव्हतं. मी मनाला समजावलं की असेल काही तुमच्यातली कला.

काल शनिवारी शेजारच्या दीपमाला मॅडमकडे गेले. त्यांच्या सुनेला, चंचलला, चौथा महिना लागलाय. मॅडमनी कौतुकाने कपाटातून सोनोग्राफीची पट्टी काढली. "पाहा बरं वहिनी, हे मुंडकं, हे पाय. आमच्या शाळेतल्या पोरांसारखंच, एका जागी बसत नाही म्हणे!" मी पाहिलं. तोच करडा रंग, तसंच पंख्याच्या आकाराच्या काळ्या जागेत वळलेलं काहीतरी पांढुरकं. मी चहाचा कप तसाच खाली ठेवला. मॅडम म्हणाल्या, "काऊन वो वहिनी, चहात साखर कमी पडली काय?" मी म्हटलं, बरोबर आहे. कोणाला काही बोलले नाही, बाबांनासुद्धा नाही.

तेव्हापासून मागचं सगळं उलगडत बसले आहे. दिवाळीला आलीस तेव्हा तीन दिवस झोपूनच होतीस. जावईबापू तुझी पर्ससुद्धा उचलून चालत होते, आणि मी त्यांची थट्टा केली. भाऊबीजेला सगळ्यांसमोर विचारलं की लग्नाला सहा वर्षं झाली, आता तरी काही सांगायचं आहे का. तू उठून अंगणात भांडी घासायला बसलीस. एवढ्या भांड्यांना बाई लावली होती, तरी. तेव्हा ते होतं का? का होऊन गेलं होतं? मग वाटतं, नाही, जुनं नसेल. गेल्या महिन्यात जावईबापू फोनवर म्हणाले की मी तिला जड उचलू देत नाही, म्हणजे आत्ताचं असेल. लगेच दुसरं मन म्हणतं की आनंदाची गोष्ट कोणी एका ओळीच्या चिठ्ठीत पाठवतं का? रेघ का नाही कोरलीस तिथे? अजून व्हायचं आहे म्हणून, का राहिलं नाही म्हणून? माझ्याने ठरत नाही ग. आणि असेल तर मी ते माझ्याच बोटाने पुसलं, हेही डोक्यातून जात नाही.

फोन केला तर तू म्हणशील "नंतर बोलते", आणि मी "बरं" म्हणेन. आपलं दोघींचं तसंच होतं. म्हणून हे पत्र. शुक्रवारी पंकजला ओवाळलं. गावात नसलेल्या लेकरांसाठी आई अक्षता टाकते, तशा तुझ्या नावाने हैदराबादच्या दिशेला टाकल्या. काल मॅडमकडून आल्यावर पुन्हा मूठभर तांदूळ घेऊन दारात उभी राहिले, आणि टाकू का नको ते कळेना. येणाऱ्यासाठी टाकतात हे मला माहीत आहे. गेलेल्यासाठी काय करायचं ते मला कोणी शिकवलं नाही. तांदूळ वाटीत झाकून ठेवलेत. तू कारण लिहू नको, मला समजावू नको. आहे का गेलं, एवढंच लिही. गेलं असेल तर मी एक प्रश्न विचारणार नाही, पहिल्या बसने येऊन नुसती तुझ्याजवळ बसेन. पुढच्या शुक्रवारच्या आत मिळेल असं, उलट टपाली कळव.

तुझीच,
आई