ठिणगी आणि ढेकूळ

सोमवार, ३ फेब्रुवारी

हरलो! आणि हरलो ते पद्मामुळे. नणंद म्हणून तिचं सगळं आजवर पदरात घालून घेत आले. काल भर हॉलमध्ये तिने त्याचे पांग फेडले.

घाटकोपरला भीमराजच्या हॉलमध्ये टॅबलेटवरच्या गेमची जोड्यांची स्पर्धा होती. बत्तीस जोड्या, त्यात पांढऱ्या केसांची आमची एकच. तरी उपांत्य फेरीपर्यंत पोचलो! समोरच्यांचे दोन्ही प्राणी धुगधुगीवर आलेले. माझी ठिणगी अजून उभी. मी रीतसर विचारलं, "देते?" पद्मा म्हणाली, "दे." मी चौफेर वीज सोडली — आणि बघते तर काय, पद्माने तिचं ढेकूळ आत घेतलेलं आणि त्याच्या जागी पाणकावळा आणलेला! पाण्यातला, त्यात पंखवाला. विजेपुढे नुसता कापूर. गेला भुर्रकन. समोरचा एक पडला, दुसरा केसभर वाचला आणि त्याने ठिणगीला लोळवलं. खेळ खलास.

सगळ्यांसमोर विचारलं मी तिला, "लक्ष कुठे होतं तुझं? बदलायचं होतं तर तोंडाने सांगायला काय झालं होतं?"

बाईने हेडफोन काढले, पर्स उचलली, चालती झाली. चोर तो चोर, वर शिरजोर!

बुधवार, ५ फेब्रुवारी

तिचा फोन नाही. मीही केला नाही.

शनिवार, ८ फेब्रुवारी

सौरभ म्हणतो, "आई, गेम आहे गं. टॅबलेटमधले प्राणी आहेत ते." मुलगा शिकलेला आहे, पण काही गोष्टी त्याला कळत नाहीत.

दोन वर्षांपूर्वी माझा गुडघा बदलला तेव्हा पद्माच्या सुनेने, दीप्तीने, हा गेम टॅबलेटवर घालून दिला. "मामी, बसल्या बसल्या जीव रमेल." मी सातवी पास. इंग्रजी अजून बोट ठेवून वाचते. पण कोणाला काय बाधतं, कोण कोणाच्या आधी हलतं, सगळं वहीत उतरवून पाठ केलं. पाण्याला वीज बाधते, आगीला पाणी, आणि विजेला माती. पुढे पद्माही लागली नादाला.

ठिणगी मी पहिल्या आठवड्यातच घेतली. मुंगसाएवढी, निळसर, शेपटीचे केस सतत उभे. गेममध्ये तिला काहीतरी लांबलचक इंग्रजी नाव आहे, आपल्याला ते जमत नाही. अंगाने कांद्याचा पापुद्रा! एक फटका बसला की आडवी. पण तो बसायच्या आत हिचा मारून झालेला असतो. हॉलमधली मुलं मला 'विजेची काकी' म्हणतात.

तिची चौफेर वीज मात्र आपला-परका बघत नाही. शेजारी उभ्या साथीदारालाही भाजते. म्हणून पद्माचं ढेकूळ. मातीचं, कासवाच्या चालीचं, सगळ्यांच्या शेवटी हलणारं. वीज त्याच्यातून सरळ जमिनीत. अर्थिंग! हे मला कोणी शिकवायला नको. अंधेरीला एमआयडीसीत सव्वीस वर्षं विजेच्या मोटरींत तार भरायचं, वाइंडिंगचं, काम केलंय. बघून बघून शिकले, आणि मग पद्मालाही तिथे मीच लावली.

तिथे रीत होती. मोटर भरून झाली की टेस्टिंग. एक बाई बोर्डाशी, एक मोटरीशी. बोर्डावरची ओरडणार, "देते?" मोटरीवरची दोन्ही हात वर करून म्हणणार, "दे!" ते कानावर पडल्याशिवाय बटणाला हात लावायचा नाही. आणि "थांब" आलं तर बोर्डापासून एक पाऊल मागे. मालकाने घातलेला नियम नव्हे, आम्हा बायकांचा. आमच्यातल्या रतनचा पंजा भाजला त्यानंतरचा.

तीच रीत आम्ही दोघींनी गेममध्ये आणली. म्हणून तर जिंकत होतो! आणि त्याच रीतीला तिने हरताळ फासला. "दे" म्हणते आणि करते भलतंच.

शनिवार, १५ फेब्रुवारी

मुलुंडच्या स्पर्धेची यादी भीमराजने ग्रुपवर टाकली. सोळा मार्च. सातव्या नंबरवर — पद्मजा आणि दीप्ती.

सासू-सून! दीप्तीला वांद्र्याच्या ऑफिसातून घरी यायला आठ वाजतात, ती कधी सराव करणार? पण घर फिरलं की घराचे वासेही फिरतात.

भीमराजचा फोन आला. "काकी, तुमचं नाव कोणाबरोबर घालू?"

"सांगते," म्हटलं.

लग्न होऊन आले तेव्हा मी तिला वन्सं म्हणायचे, माझ्याहून चार वर्षांनी लहान असून. तीन वर्षांनी तीच म्हणाली, "वहिनी गो, माका पद्मा म्हण. वन्सं म्हटलंस की म्हातारी झाल्यासारखा वाटता." तेव्हापासून पद्मा.

आता परत वन्सं. त्यांच्या वाटेने त्या, माझ्या वाटेने मी.

शनिवार, २२ फेब्रुवारी

सौरभला धरून बसवलं जोडीला.

"आई, आज सुट्टी आहे माझी."

"मग काय लोळून काढणार? बस गप."

त्याने आगीचा बैल घेतला, शिंगं मोठी आहेत म्हणून. मी "देते?" म्हटलं की हा म्हणतो, "काय?" तोवर वेळ संपते! तीन डाव खेळलो, तिन्ही वेळा त्याचा बैल माझ्याच विजेने बसला.

"आई, तू समोरच्यांना मारतेयस की मला?"

"चौफेर आहे ते. सगळ्यांना लागतं."

"मग आत्याला कसं चालायचं गं?"

"तिचं ढेकूळ मातीचं. त्याला लागत नाही."

"ते ढेकळाचं झालं. मी आत्याचं विचारतोय."

पोहे गार होतायत म्हटलं आणि उठले.

मंगळवार, ४ मार्च

सांडगी मिरच्या भरल्या. दरवर्षी तिची बरणी वेगळी काढते. यंदा काढणार नव्हते. काढली. कपाटात मागे सारून ठेवली.

रविवार, १६ मार्च

नशीब कसं बघा — पहिल्याच फेरीत समोर त्या दोघी.

दोन वर्षं जे ढेकूळ माझ्या बाजूला उभं होतं ते पहिल्यांदा समोरून पाहिलं. केवढं थोराड दिसतं! सौरभ हेडफोनमध्ये कुजबुजला, "आई, ढेकळावर वीज चालत नाही ना? दुसरं काहीतरी काढ." मला माहीत नव्हतं होय? पण दुसरं काढायला मन तयार होईना. सोडली चौफेर. दीप्तीच्या पक्ष्याला लागली, सौरभच्या बैलाला लागली. ढेकळाखाली अक्षरं आली — 'काही परिणाम नाही.' परत सोडली. 'काही परिणाम नाही.' सौरभ म्हणाला, "अगं आई!" बैल बसला होता. तिसऱ्यांदा सोडली.

मग ढेकूळ हललं. सावकाश, नेहमीसारखं. एका थापेत ठिणगी गेली.

पाच मिनिटांत सगळं आटोपलं. मागच्या रांगेतून कोणीतरी म्हणालं, "विजेच्या काकींचा फ्यूज उडाला." हशा.

वन्सं उठून माझ्या खुर्चीपाशी आल्या. हात पुढे केला. "वहिनी, गुडघा कसा आहे तुझा?"

"बरा आहे, वन्सं."

तो शब्द ऐकला आणि पुढे आलेला हात तसाच पर्सच्या चेनकडे गेला. चेन बंदच होती. मला बरं वाटेल असं वाटलं होतं. नाही वाटलं.

सोमवार, १७ मार्च

डोकं फिरलंय. हशा माझ्या वाटणीला, आणि जिने रीत मोडली ती जिंकून मोकळी!

भीमराजला फोन केला. त्याच्या हॉलमध्ये प्रत्येक सामना हेडफोनमधल्या बोलण्यासकट रेकॉर्ड होतो, मागाहून भांडणं नकोत म्हणून. म्हटलं, "दोन फेब्रुवारीचा आमचा सामना आहे का रे तुझ्याकडे? पाठव मला."

तो जरा घुटमळला. "पाठवतो. पण काकी, आधी तुम्ही एकट्या ऐका."

"का? मी तर ग्रुपवर टाकणार. कळू दे सगळ्यांना कोण काय म्हणालं ते!"

बुधवार, १९ मार्च

दुपारी आलं. सौरभ ऑफिसात. दार लोटून बसले.

माझा आवाज — "देते?"

पद्माचा — "थांब वहिनी. ढेकळात जीव नाही राहिला फारसा. बदलते मी."

माझा — "बरं, बदल. थांबते."

मग पाच-सहा सेकंद काहीच नाही. मग पुन्हा माझाच आवाज, हळू, स्वतःशी बोलल्यासारखा — "एका फटक्यात दोघं जातील." आणि बटणाचा टक्.

चारदा ऐकलं.

'विसरले होते' असं लिहायला घेतलं होतं. खोडलं. विसरले नव्हते. समोर दोघं धुगधुगीवर, मागे खुर्च्यांवर माणसं, ठिणगी सगळ्यांच्या आधी हलणार — पद्माचा पक्षी गेला तर गेला, त्याआधी जिंकू, असा हिशेब मी त्या पाच सेकंदांत केला होता. आणि तो चुकला तसं सगळ्यांसमोर तिच्यावर ओरडले. घरी येताना रिक्षात बसल्या बसल्या तिच्या 'थांब'चं 'दे' करून टाकलं. दुसऱ्या दिवशी तेच इथे लिहिलं, आणि पेन कुठे अडखळलंसुद्धा नाही. ही वही दुसरं कोणी वाचत नाही. तरी खोटं लिहिलं!

खरा बोर्ड असता तर? मोटरीवर तिचे हात असते तर?

जिंकलो की टाळ्या ठिणगीला. ढेकळाला कोण वाजवतं? ते नुसतं उभं असतं. त्याला काही लागत नाही, हे मीच सगळ्यांना सांगत फिरले. दोन वर्षांत तिला एकदाही विचारलं नाही की बाई, तुला कधी पुढे होऊन मारावंसं वाटतं का. आणि ती दीप्तीबरोबर गेली तर मला ती फितूर वाटली.

संध्याकाळी सौरभने विचारलं, "मिळालं का गं रेकॉर्डिंग?"

"मिळालं," म्हटलं. त्याने माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि पुढे काही विचारलं नाही. आत्याचा भाचा शोभतो.

शुक्रवार, २१ मार्च

फोन हातात घेतला. तिचं नाव काढलं. ठेवून दिला. काय तोंडाने बोलू?

बुधवार, २६ मार्च

आजही नाही. चुकलं म्हणायला चार शब्द लागतात, मला आठवडा झाला. आणि भर हॉलमध्ये तिचा अपमान करायला किती वेळ लागला होता? टक्!

रविवार, ३० मार्च. पाडवा

गुढी उभारली. दरवर्षी आज दुपारी जेवायला ती इकडे असते. आज ताटं दोनच.

अकराला भीमराजचा फोन. पाडव्याच्या शुभेच्छा देऊन झाल्यावर म्हणाला, "काकी, ते रेकॉर्डिंग आता पुसून टाकू का? एरवी आम्ही आठ दिवसांत पुसतो सगळं."

"मग हे कसं ठेवलंस दोन महिने?"

"पद्मजाकाकींनी सांगितलं होतं. हरलात त्याच संध्याकाळी फोन केला त्यांनी. म्हणाल्या, वहिनी एक ना एक दिवस मागेल, तोवर जपून ठेव. तिच्याशिवाय कोणाला ऐकवू नकोस. उद्या रागाच्या भरात मी मागितलं, तर मलासुद्धा देऊ नकोस."

गॅस बंद केलाय. सौरभला म्हटलं, जेवण परतल्यावर. रिक्षा खाली उभी आहे. घाटकोपरला, पद्माकडे निघाले.